शिक्षकांस शाल मिळते. सल्ल्याचा हक्क केव्हां मिळणार?

दरवर्षीं ५ सप्टेंबर उजाडला कीं आपल्या शहरांत शिक्षकांच्या सत्काराचे समारंभ होतात. शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचें भाषण, आणि शेवटीं आभार. डॉ. राधाकृष्णन् यांच्या जन्मदिवसास १९६२ सालापासून शिक्षकदिनाचा मान मिळाला आहे, व तो योग्यच आहे. गुरुजींची आठवण ज्या समाजास वर्षांतून एक दिवस तरी होते, तो अगदींच कृतघ्न आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु दुसऱ्याच दिवशीं त्या शिक्षकाच्या हातीं एखादें नवें परिपत्रक पडतें, आणि तें काढण्यापूर्वीं त्याचा सल्ला घेण्याचें बंधन कोणावरही नसतें. ज्याच्या गळ्यांत हार घालावयाचा, त्याचें मत मात्र विचारावयाचें नाहीं, ही रीत न्यायाची आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

हा प्रश्न कोल्हापुरानें विचारावा हें विशेष उचित होय. १९१७ सालीं छत्रपति शाहू महाराजांनीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. पुढें १९१९ सालीं, त्या काळीं ज्यांस अस्पृश्य म्हणत त्यांच्यासाठीं असलेल्या निराळ्या शाळा बंद करून, त्यांच्या मुलांस इतरांबरोबर सरकारी शाळांत घेण्याचा हुकूम सोडला. हुकूम दरबारांतून सुटला खरा. परंतु कालपर्यंत दाराबाहेर ठेविलेल्या मुलास आंत बोलावून इतर मुलांशेजारीं बसविण्याचें काम कोणी करावयाचें होतें? दिवाणांनीं नव्हे, वर्गांतल्या मास्तरानें. मास्तराचें मन त्या कामांत असेल तर हुकूम जिवंत. नसेल तर तो दप्तरांतला कागद. शिक्षणांतली कोणतीही सुधारणा शेवटीं वर्गाच्या उंबरठ्याशीं येऊन उभी राहते, आणि तेथें तिला आंत घेणारा किंवा बाहेर ठेवणारा शिक्षकच असतो.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमानें शाळा व्यवस्थापन समिति नेमली आहे. तींत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात, व उरलेल्यांत शिक्षकांचाही प्रतिनिधि असतो. हें चांगलेंच आहे. परंतु ही समिति एका शाळेपुरती पाहते. अभ्यासक्रम कोणता असावा, शिक्षक किती असावे, शाळा चालूं ठेवावी कीं मिटवावी, हें तिच्या हातीं नाहीं. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमानें विधानपरिषदेचे सुमारें एकद्वादशांश सभासद शिक्षकांनीं निवडावयाचे आहेत. महाराष्ट्रांत ७८ पैकीं अशा सात जागा आहेत. कोल्हापूर जिल्हा पुणें विभागाच्या शिक्षक मतदारसंघांत मोडतो, आणि २०२० सालीं तेथून कोल्हापूरचेच श्री. जयंत आसगांवकर निवडून गेले. यावरून शिक्षकांस आवाज आहे असें कोणास वाटेल. पण कलमांतले शब्द नीट वाचावे. माध्यमिक शाळेहून खालच्या दर्जाच्या शाळेंत शिकविणाऱ्यास हा मताधिकार नाहीं. म्हणजे गगनबावड्याच्या एखाद्या वाडीवर पहिलीच्या मुलाचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेणारा जिल्हा परिषदेचा शिक्षक या यादींत बसत नाहीं. सक्तीच्या शिक्षणाचा पाया ज्याच्या खांद्यावर उभा आहे, नेमक्या त्यासच कायद्यानें बाहेर ठेविलें आहे.

याचें फळ काय होतें, तें अलीकडे सर्वांनीं पाहिलें. १६ एप्रिल २०२५ रोजीं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकविण्याचा सरकारी निर्णय निघाला. १७ जून रोजीं तो बदलण्यांत आला, आणि २९ जून रोजीं दोन्ही निर्णय रद्द झाले. अडीच महिन्यांत एक धोरण जन्मलें, बदललें आणि निमालें. हिंदीच्या गुणदोषांचा वाद आम्हांस येथें करावयाचा नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, सहा वर्षांच्या मुलास एका वेळीं किती भाषांचें ओझें झेपतें हें ज्यानें जन्मभर पाहिलें, त्याचें मत निर्णयाआधीं घेणें कायद्यानें आवश्यक असतें, तर ही धांदल टळली असती. थोड्या पटाच्या शाळांचेंही तसेंच. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या डोंगरी तालुक्यांतल्या दोन शाळांमधलें अंतर नकाशावर एक किलोमीटर दिसतें. पण आषाढांत मधल्या ओढ्यास पाणी चढलें म्हणजे तेंच अंतर लहान मुलास अलंघ्य होतें. तो ओढा मुंबईच्या कचेरींत दिसत नाहीं. तो मास्तराच्या हजेरीपटावर दिसतो.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. त्यांस आम्ही त्यांच्याच व्यवहारांतलें उदाहरण देतों. १९६३ च्या कायद्याखालीं चालणाऱ्या बाजार समितींत शेतकऱ्यांचे प्रतिनिधि असतात, व्यापारी-अडत्यांचे दोन असतात, आणि हमाल-तोलाईदारांचाही एक असतो. गुळाची भेली ज्याच्या पाठीवरून जाते व ज्याच्या कांट्यावर उतरते, त्यास विचारल्यावांचून बाजार चालवूं नये, हें शहाणपण कायद्यानें मानलें. आम्हां वकिलांच्या धंद्याचें नियमन तर १९६१ च्या कायद्यान्वये आमच्याच मतांनीं निवडलेल्या बार कौन्सिलकडे आहे. मग मुलांचीं मनें ज्याच्या हातीं सोंपविलीं, त्या प्राथमिक शिक्षकासच ही बंदी कां?

यावर आक्षेप येतील. पहिला, शिक्षक धोरणाविषयीं बोलूं लागला तर तो राजकारणांत पडेल. आमचें उत्तर असें कीं, जनगणनेस, आपत्तिनिवारणास आणि निवडणुकीच्या कामास शिक्षक चालतो. शिक्षणहक्क कायद्याचें २७ वें कलमच तशी मुभा देतें. दुसऱ्यांचीं मतें मोजावयास जो विश्वासू, तो स्वतःचें मत सांगावयास मात्र अपात्र, हा तर्क आम्हांस समजत नाहीं. दुसरा आक्षेप, शिक्षक पगार व बदल्या यांपलीकडे बोलणार नाहींत. शिक्षणसेवक या नांवाखालीं पहिलीं तीन वर्षें प्राथमिक शिक्षकास २०२३ पर्यंत दरमहा ६,००० रुपये मिळत. त्या सालीं ते १६,००० झाले. ज्यानें त्या ६,००० रुपयांत बिऱ्हाड चालविलें, त्यानें पगाराचें नांव काढलें तर त्यांत लाज कसली? शिवाय, बोलण्याची रीतसर जागा नसली म्हणजे माणसें मोर्चांत बोलतात, आणि मोर्चांत मागणी मांडतां येते. विचारविनिमय होत नाहीं.

मात्र शिक्षकांसही आम्ही स्पष्ट सांगतों. हक्क आला कीं जाबही आला. त्याच कायद्याचें २४ वें कलम वेळेवर हजेरी व नेमलेला अभ्यासक्रम पुरा करणें हें शिक्षकाचें कर्तव्य ठरवितें, आणि २८ वें कलम खासगी शिकवणीस मना करितें. चौथींतल्या मुलास धड वाचतां येत नसेल तर त्यांचा प्रतिनिधि भर सभेंत त्याचें उत्तर देण्यास तयार असला पाहिजे.

ही सूचना आमच्या पदरची नव्हे. आजरा तालुक्यांतील बहिरेवाडी येथें १९०७ सालीं, योगायोगानें ५ सप्टेंबरलाच, जन्मलेले जे. पी. नाईक हे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचे सभासद-सचिव होते. प्रत्येक राज्यांत शिक्षकसंघटनांचे प्रतिनिधि व शिक्षणखात्याचे अधिकारी यांचें संयुक्त मंडळ असावें, आणि त्यानें नोकरीच्या शर्तींबरोबर शिक्षणसुधारणेचाही विचार करावा, अशी शिफारस त्या आयोगानें केली. त्याच वर्षीं, ५ आक्टोबर १९६६ रोजीं, पॅरिस येथें शिक्षकांच्या दर्जाविषयींची आंतरराष्ट्रीय शिफारस संमत झाली; तींतही शिक्षकसंघटनांस धोरण ठरविण्यांत सहभागी करावें असें सांगितलें आहे. आपल्याच मातींतल्या माणसानें ज्या अहवालावर परिश्रम केले, त्यांतली शिफारस आपल्याच जिल्ह्यानें प्रथम अमलांत आणावी, यांत शोभा आहे.

आमच्या मागण्या तीन. संयुक्त शिक्षक मंडळ कायद्यानें स्थापावें, व त्यांत प्राथमिक शिक्षकांचे प्रतिनिधि गुप्त मतदानानें निवडलेले असावे. स्त्री शिक्षकांस व डोंगरी शाळांस जागा राखाव्या. दुसरी, अभ्यासक्रम, शिक्षकसंख्या व शाळा बंद करणें यांविषयींचा प्रत्येक मसुदा निदान एक महिना आधीं त्या मंडळापुढें ठेवावा, आणि त्याचा सल्ला न मानल्यास कारणें लेखी द्यावीं. तिसरी, १७१ व्या कलमांतील प्राथमिक शिक्षकांवरील अडसर संसदेनें काढावा. शेवटचें काम वेळ घेईल. परंतु जिल्ह्यापुरतें सल्लागार मंडळ नेमून शिक्षकांचें ऐकावयास कोल्हापूरच्या जिल्हा परिषदेस व महानगरपालिकेस दिल्लीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. त्यांस एक ठराव पुरे.

आणि नागरिकांनो, येत्या शिक्षकदिनीं शाल अवश्य द्या. पण शाल पांघरविल्यावर त्या शिक्षकास विचारा कीं, गुरुजी, बाई, आपल्या शाळेंत काय बदलावयास हवें? तो जें सांगेल तें लिहून घ्या, आणि आपल्या सभासदाकडे पाठवून त्याचें उत्तर मागा. मान देणाऱ्यांनीं एवढें केलें, तर मत देण्याचा हक्क फार दिवस अडवून ठेवतां येणार नाहीं.