बॅकअप : जागा वाचवा, पण जपून

मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' या रॅन्समवेअरने ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेतील अनेक संगणक बंद पाडले. हजारो रुग्णांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. अशा वेळी तारतो तो बॅकअप.

आज एकाच सर्व्हरवर अनेक 'आभासी संगणक' चालतात. एकावर रुग्णांच्या नोंदी, दुसऱ्यावर प्रयोगशाळेचे अहवाल. अशा दहा संगणकांत 20 जीबीची तीच ऑपरेटिंग सिस्टीम असेल, तर दर बॅकअपला 200 जीबी जागा का अडवायची? इथे 'डीडुप्लिकेशन' कामी येते. माहितीचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकाचा जणू अंगठ्याचा ठसा घेतला जातो. ठसा आधीच नोंदलेला असेल, तर तुकडा पुन्हा साठवत नाहीत. नुसती खूण ठेवतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त दिवसांचे बॅकअप मावतात. हल्ला उशिरा लक्षात आला, तरी त्याआधीची स्वच्छ प्रत मिळण्याची शक्यता वाढते.

धोकाही इथेच आहे. सामाईक तुकडाच खराब झाला, तर त्यावर विसंबलेले सगळेच बॅकअप अडचणीत येतात. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी, नेटवर्कपासून तोडून ठेवावी. आणि अधूनमधून त्या बॅकअपवरून संगणक खरोखर सुरू होतो का, हे तपासावे.