भरलेली नदी, अडलेली होडी

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही राहू बेटात, भीमेच्या काठावर उभे होतो. नदी दुथडी भरलेली. शाळेत जाणाऱ्या माझ्या पुतण्याने विचारले, "काका, इथून होडीत बसलो तर थेट सिद्धटेकला जाता येईल का?" मी उत्तर देण्याआधी आई म्हणाली, "न जायला काय झालं? आम्ही होडीनंच तर जायचो!"

आईचे म्हणणे खरे होते, पण ते नदी ओलांडण्यापुरते. पूल होण्यापूर्वी दौंडकडून येणारे भाविक शिरापूरला उतरत आणि नावेने पलीकडे सिद्धटेकला जात. पुतण्याला मात्र नदीच्या आडवे नव्हे, नदीबरोबर जायचे होते. प्रश्न लहान मुलाचा असला, तरी उत्तर शोधायला मला बरेच दिवस लागले.

राहू बेट हे खरे बेट नव्हे. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा आणि मध्ये ही उसाची काळी जमीन. भीमेचा पलीकडचा काठ शिरूर तालुक्याचा. वाळकीजवळ दोन्ही नद्या एकत्र होतात. तिथून भीमा पारगाव, दौंड, पेडगाव, सिद्धटेक करीत उजनीच्या जलाशयात शिरते. नकाशावर पाहिले तर सहकुटुंब जलप्रवासाला याहून चांगली वाट नाही. गावोगाव थांबावे, देवदर्शन घ्यावे, भाकरी खावी, पुढे निघावे.

अडचण आहे ती बंधाऱ्यांची. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपण रोज पाहतो, पण तो कसा चालतो हे सहसा मुलांना सांगत नाही. नदीपात्रात ओळीने दगडी किंवा काँक्रीटचे खांब असतात. त्यांना खाचा असतात. पावसाळा सरला की त्या खाचांत लोखंडी ढापे बसवतात आणि पाणी अडवतात. पुढच्या पावसाळ्याआधी ढापे काढून घेतात, म्हणजे पूर मोकळा जातो. आता होडीच्या दृष्टीने पाहा. ढापे काढलेले असतात तेव्हा नदीला पूर तरी असतो, नाहीतर पात्र उघडे पडलेले असते. आणि पाणी संथ, खोल, होडीजोगे असते तेव्हा ढापे बसवलेले असतात! म्हणजे आपल्याला जी भरलेली नदी दिसते, ती खरे तर एकाखाली एक मांडलेल्या तळ्यांची रांग आहे.

परदेशात यावर तोड काढलेली आहे. फ्रान्समधला दक्षिणेचा कालवा, कनाल द्यु मिदी, १६८१ मध्ये पुरा झाला. लांबी सुमारे २४० किलोमीटर. त्यावर आजही कुटुंबेच्या कुटुंबे बोटीने हिंडतात. चढ-उतारावर तिथे दोन दरवाजांची हौदासारखी खोली असते. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा आणि खोलीतले पाणी पुढच्या पातळीइतके चढवायचे किंवा उतरवायचे. मग पुढचा दरवाजा उघडतो. आपले बंधारे शेतीसाठी बांधले, बोटींसाठी नव्हे. त्यात गैर काही नाही. या भागातला ऊस आणि गुऱ्हाळे याच पाण्यावर उभी आहेत. पण अडलेल्या पाण्यात पुण्याचे सांडपाणी येऊन मिसळते, त्यावर जलपर्णी पोसते आणि मग वल्हे मारायलाही जागा उरत नाही. शेतीचा इलाज तो आपला इलाज. सांडपाण्याला मात्र तसे म्हणता येणार नाही.

शेवटी फेब्रुवारीत आम्ही गेलो, पण जीपने, नदीचा माग काढीत. दौंडला रेल्वेचा पूल पाहिला. पेडगावला भीमेकाठचा बहादूरगड, आताचा धर्मवीरगड, पाहिला. १६८९ मध्ये संभाजीमहाराजांना कैद करून औरंगजेबापुढे आणले ते इथेच. तुळापूर याच नदीच्या वरच्या अंगाला आहे, हे पुतण्याने स्वतःच नकाशात शोधले. सिद्धटेकला आई पुलावर बराच वेळ उभी राहिली. "इथं नावाडी आधी बायामाणसांना बसवायचा," एवढेच म्हणाली.

होडीत बसलो ते भिगवणजवळ कुंभारगावला. १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचा हा फुगवटा. धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. इथे मात्र पाणी सलग आहे आणि उथळ काठांवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. मोठे पाणी म्हणजे मोठी जबाबदारीही. २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात, कुगाव ते कळाशी जाताना, वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा बळी गेला. म्हणून निघणाऱ्यांना सांगतो: सकाळी लवकर जा, वारा उठला की काठ धरा आणि लाइफ जॅकेट मिळाल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका. आईने कुरकुर केली, पण घातले.

घरी आल्यावर पुतण्याने भीमेचा नकाशा काढला. निळी रेघ त्याने सलग ओढली नाही. प्रत्येक बंधाऱ्यापाशी थांबून, तुकड्या-तुकड्यांनी ओढली. शेवटचा उजनीचा तुकडा तेवढा मोठा होता आणि त्यात जॅकेट घातलेली आजी होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)