खाणपट्ट्यातील अल्पभूधारक व तीस दिवसांची मुदत

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबाद-झरियाच्या कोळसा खाणींना भेट देऊन आले आणि पुढच्याच वर्षी खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. खाणीत उतरणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता. आज चंद्रपूर-यवतमाळच्या कोळसापट्ट्यात त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न उभा आहे. खाण येण्यापूर्वी जो ती जमीन कसत होता त्याचे काय? दोन-तीन एकरांचा धनी असलेला आपला बौद्ध बांधव, त्याचा कुणबी शेजारी, गोंड-कोलाम शेतकरी हे सारे एकाच नकाशात सापडतात.

ज्यांनी खाण थांबवली त्यांच्याकडे आधी पाहू. ओडिशातील नियमगिरीच्या उतारावर डोंगरिया कोंध आदिवासी नाचणी, हळद, अननस पिकवतात. माथ्यावर सुमारे ७ कोटी टन बॉक्साइट. वेदांत कंपनीने खाणीची परवानगी मिळण्याआधीच पायथ्याशी लांजीगढला कारखाना उभा केला होता. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या वनहक्क कायद्याच्या आधारे हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले. डोंगरावर वस्त्या पुष्कळ असताना राज्य सरकारने बाराच गावे निवडली. जुलै-ऑगस्टमध्ये न्यायिक निरीक्षकासमोर सभा झाल्या व बाराही गावांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने परवानगी नाकारली. वज्जी लोक वारंवार एकत्र जमतात, एकदिलाने बसतात व एकदिलाने उठतात तोवर त्यांचा ऱ्हास नाही, असे तथागतांनी म्हटले होते. त्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

परंतु नियमगिरीचा न्याय आपल्या शेतास जसाच्या तसा लागू होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. व्यासपीठावरून हे कोणी सांगत नाही. टाळ्या मात्र पडतात. तेथे वनजमीन व वनहक्क होते. आपल्याकडे सातबाऱ्यावरची खासगी जमीन कोळशासाठी सरकारी कंपनीकरिता घेतली जाते, ती बहुधा १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली. या कायद्यात ग्रामसभेच्या संमतीची अट नाही. दार एकच आणि तेही अरुंद.

कलम ४ ची अधिसूचना निघाली म्हणजे कोळशाचा शोध घेण्याचा इरादा. कलम ७ ची निघाली म्हणजे जमीन घेण्याचा इरादा. या दुसऱ्या अधिसूचनेपासून ३० दिवसांच्या आत, कलम ८ प्रमाणे, जमिनीत हितसंबंध असलेल्या कोणालाही लेखी हरकत घेता येते व स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडता येते. (मीच कोळसा काढीन, ही हरकत मात्र चालत नाही!) त्यानंतर कलम ९ ची घोषणा झाली की जमीन सरकारजमा होते. मुदत राजपत्राच्या तारखेपासून धावते, आणि राजपत्र काही चावडीवर वाचले जात नाही. गावातील एखाद्या शिकलेल्या तरुणाने ते नियमित पाहण्याचे काम अंगावर घ्यावे, असे आम्ही सुचवतो.

हरकतीत नुसते "जमीन देणार नाही" लिहून भागत नाही. गट नंबर, क्षेत्र, विहीर, ओलीत, झाडे, घर, तसेच गावचे विहार व स्मशानभूमी यांचा उल्लेख हवा. वडील वारले तरी सातबारा त्यांच्याच नावे, फेरफार झालेला नाही, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. मग भाऊ-बहिणींत वाद होतो आणि मोबदला अडकून पडतो. वारसनोंद आजच करावी, बहिणींची नावे वगळू नयेत.

१ जानेवारी २०१५ पासून २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या व पुनर्वसनाच्या तरतुदी कोळशाच्या जमिनीसही लागू आहेत. बाजारभावाच्या गुणित रकमेवर तेवढेच दिलासा मूल्य मिळते. आणखी महत्त्वाचे म्हणजे, ज्यांची उपजीविका आधीची तीन वर्षे त्या शेतावर अवलंबून होती ते शेतमजूर व बटाईदारही या कायद्यात बाधित कुटुंब ठरतात. आपल्या वस्तीत भूमिहीन अधिक. त्यांच्या मजुरीचा लेखी पुरावा सहसा कोणाजवळ नसतो. म्हणून शेतमालकाचा दाखला, रोजगार हमीचे कार्ड, रेशनकार्ड जपून ठेवावे.

पर्यावरणविषयक जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. तेथे बोललेले इतिवृत्तात उतरले की नाही, ते मराठीत वाचून दाखविले की नाही, हे उठण्यापूर्वी पाहावे. हरकत अर्जावर पोच घ्यावी आणि स्थळप्रत दोन घरांत ठेवावी.