परसबागेतील फुलपाखरांचा आश्रय

कागल तालुक्यातील मुरगूड हे वेदगंगेच्या काठचे शहर सह्याद्री आणि दख्खनचे पठार यांच्या सांध्यावर वसले आहे. पश्चिमेला राधानगरी अभयारण्याचे दाट अरण्य आहे, तर भोवताली उसाचे मळे आहेत. उसाच्या सलग शेतीत फुलपाखरांच्या बहुतेक जातींना अन्न मिळत नाही, आणि बांधावरची रानझाडे तणनाशकामुळे कमी होत जातात. अशा ठिकाणी घरामागच्या परसाचे महत्त्व मोठे असते. मात्र केवळ फुलझाडे लावून फुलपाखरे टिकत नाहीत. त्यांच्या अळ्यांना खायला पाने मिळाली, तरच ती परसात वस्ती करतात.

फुलपाखरांचा समावेश खवलेपंखी कीटकांच्या गणात होतो. पतंगही याच गणातले असून सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी दिवसा उडणाऱ्या पतंगांपासून फुलपाखरे उत्क्रांत झाली, असे मानले जाते. भारतातील फुलपाखरांची सहा कुळांत विभागणी केली जाते. पुच्छ कुळातील अनेक जातींच्या मागील पंखांना शेपटीसारखे टोक असते. पीतश्वेत कुळात पिवळ्या-पांढऱ्या जाती येतात. कुंचलपाद कुळातील फुलपाखरांचे पुढचे पाय आखूड व ब्रशसारखे असतात. नील कुळातील अनेक अळ्या मुंग्यांना गोड स्राव देतात आणि मोबदल्यात संरक्षण मिळवतात. उरलेली दोन कुळे म्हणजे चपळ आणि मुग्धपंखी.

अंडे, अळी, कोश आणि प्रौढ कीटक या जीवनक्रमाच्या चार अवस्था होत. मादीच्या पायांवर चव ओळखणारे संवेदक असतात. पानावर पाय आपटून ती वनस्पती पारखते आणि अळीला मानवणारी असेल तरच तेथे अंडे घालते. प्रौढ फुलपाखरू अनेक प्रकारच्या फुलांतील मध पिते. अळीची निवड मात्र बहुधा मोजक्याच वनस्पतींपुरती मर्यादित असते.

यांतील अनेक खाद्यवनस्पती आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. लिंबू आणि कढीपत्ता यांवर लाइम व कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरे वाढतात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेले ब्लू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळातील झाडांवर अंडी घालते. सीताफळ आणि उंच वाढणारा आसुपालव टेल्ड जे या जातीला पोसतात, तर आंब्याच्या पानांवर बॅरनच्या अळ्या वाढतात. आंब्यावरचे बांडगूळ बागायतदाराला नकोसे वाटते, पण हळदीकुंकू नावाच्या देखण्या फुलपाखराच्या अळीचे तेच अन्न आहे. रुईवर प्लेन टायगर, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, कोरांटीवर लेमन पॅन्सी आणि एरंडावर कॉमन कॅस्टर वाढते. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये प्लेन टायगरची अळी आपल्या शरीरात साठवते. त्यामुळे पक्षी तिला आणि पुढे तिच्या फुलपाखरालाही टाळतात.

प्रौढ फुलपाखरांच्या मधासाठी झेंडू, झिनिया, पेंटास, एक्झोरा, सदाफुली आणि जास्वंद उपयुक्त आहेत. एकाच जातीची रोपे गटाने लावल्यास ती दुरूनही लक्ष वेधतात. घाणेरीच्या फुलांत मध भरपूर असला तरी ही परदेशी वनस्पती आक्रमक असल्याने ती मुद्दाम लावू नये. खुळखुळ्याच्या वाळत्या भागांवर टायगर आणि क्रो फुलपाखरांचे नर जमतात. तेथून मिळणाऱ्या अल्कलॉइडांपासून ते मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात.

फुलपाखरे शीत रक्ताची असल्यामुळे उडण्यापूर्वी पंख उघडून ऊन घेतात. म्हणून बागेत सकाळचे ऊन येईल अशी मोकळी जागा हवी आणि वाऱ्यापासून आडोसाही हवा. ओल्या चिखलावर जमणारे फुलपाखरांचे थवे बहुतेक नरांचे असतात. ते तेथून सोडियमसारखे क्षार शोषतात. उथळ ताटलीत माती व वाळू घालून ती ओली ठेवली, तर ही गरज भागते.

घराजवळच्या कढीपत्त्यावर वाढणारे कॉमन मॉरमॉन विज्ञानाच्या दृष्टीनेही विलक्षण आहे. त्याच्या काही माद्या नरासारख्याच दिसतात, तर काही माद्या विषारी कॉमन रोझ किंवा क्रिमझन रोझ फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात. ही नक्कल ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाच्या नियंत्रणात असल्याचे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले.

खाद्यवनस्पतींच्या आधाराने मोकळ्या जागेत फुलपाखरे टिकवता येतात, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ठाण्याजवळील ओवळे येथील राजेंद्र ओवळेकर यांची ओवळेकर वाडी. जाळीचा पिंजरा न करता तेथे योग्य झाडे लावून फुलपाखरांना आमंत्रण दिले गेले. मुरगूडच्या परसातही पावसाच्या आरंभी आधी खाद्यवनस्पती आणि मग फुलझाडे लावावीत. कीटकनाशके पूर्णपणे टाळावीत, कारण फवारा कीड आणि अळी असा भेद करत नाही. कढीपत्त्याची काही पाने कुरतडलेली दिसली, तर ती बाग यशस्वी झाल्याची खूण समजावी. तेवढा वाटा सोडणाऱ्या घराला श्रावणापासून दिवाळीपर्यंत फुलपाखरांचा सहवास लाभतो.