रेघेखालची लेकरे

परंड्यानजीकच्या एका गावी बाळमृत्यूंची चौकशी करीत असता "औंदा दोनच गेली" असे मला सांगण्यात आले, आणि त्या 'दोनच'मधला 'च' मनात असा रुतून बसला की, आशाताईंना दर काढावयास शिकविणारा वर्ग परंड्यात भरत असल्याचे कळताच मी जाऊन मागच्या बाकावर बसलो.

हजेरी, चहा आणि भागाकाराची उजळणी हे सोपस्कार लवकरच आटोपले. शिक्षकाने फळ्यावर रेघ ओढून वर २ आणि खाली ४० लिहिले: जिवंत जन्म ४०, वर्षाच्या आत दगावलेली बालके २, म्हणजे हजारी ५०. दोनातले एक जरी वाचते तरी दर एकदम २५ वर आला असता. तेवढ्यावरून गाव सुधारले असे समजू नये, हेही त्याने बजावले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा करविली, तेव्हा तिचे फळ पडताळण्यासाठी ३९ गावांच्या जोडीला ती सेवा नसलेली ४७ गावेही मोजावी लागली होती. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

आकडेमोडीत सर्वांत मागे पडलेली एक प्रौढ ताई तेवढ्यात उठली. "सर, दसऱ्यानंतर कोयते गेले. त्यांची लेकरं रेघेखाली धरायची का न्हाई?"

कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवराबायकोची जोडी. मुकादमाच्या हिशेबी दोन माणसे मिळून एक. फडावर बाळ जन्मले तर त्याची वर्दी तेथल्याच दप्तरी २१ दिवसांत द्यावी असा कायदा आहे खरा, परंतु तोवर टोळी पुढच्या गावी गेलेली असते. शिक्षकाने आईच्या कायम वास्तव्याचा नियम सांगितला. नियम निर्दोष होता. बाईच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मधल्या सुटीत कोणीतरी किल्ल्याची गोष्ट काढली. १६३२ साली येथून मुलूखमैदान तोफ विजापुरास नेली, तेव्हा तिला ४०० बैल जुंपले होते म्हणे. बैलांची खानेसुमारी लोकांनी जवळजवळ चारशे वर्षे तोंडपाठ ठेवली आहे!

वर्ग सुटताना मी ताईची वही पाहिली. रेघेखालचे ४० तिने जसेच्या तसे उतरविले होते, आणि कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, आपल्या गावातून फडावर गेलेल्या ७ गरोदर बायांची नावे लिहिली होती. पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की त्या परत येणार होत्या.