वॉलपेपर सगळ्यात शेवटी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. त्या दिवशी कुणाचाही संगणक बंद पडला नाही, त्यामुळे ही तारीख नातेपुत्यासारख्या गावात फारशी चर्चेत आली नसेल. पण दुरुस्त्या येणं थांबलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणं दिवसेंदिवस धोक्याचं होत जातं. विंडोज ११ टाकावं, तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. दुकानात, पतसंस्थेत, शाळेच्या संगणक-खोलीत २०१५-१६च्या सुमारास घेतलेली यंत्रं यात बसत नाहीत. ‘मग लिनक्स टाका’ हा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. सल्ला योग्य आहे, पण अर्धा. टाकल्यानंतर काय बदलायचं आणि कोणत्या क्रमाने, यावर ते यंत्र रोजच्या कामाला येणार की महिन्याभरात पुन्हा कोपऱ्यात जाणार, हे ठरतं. माझ्या मते क्रम असा: आधी कळफलक, मग यंत्रावरचा भार, मग वीज गेली किंवा काही बिघडलं तर सावरायची सोय. पडद्याची सजावट शेवटी. लिनक्सच्या हौशी मंडळींचा क्रम बहुधा याच्या उलट असतो. पारदर्शक पट्ट्या आणि झुलणारी चिन्हं आधी, आणि मराठी टाइप होत नाही हे आठवड्याने कळतं.

कळफलक आधी, कारण गावातलं बहुतेक लिखाण मराठीत असतं: अर्ज, दाखले, सोसायटीच्या सभेची नोटीस, आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामाला येते तेव्हाच्या सेवेच्या याद्या. हे लिखाण वर्षानुवर्षं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये झालं. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांचा कचरा दिसतो, आणि गेल्या वर्षीच्या यादीत एखादं आडनाव शोधायचं म्हटलं तर सापडत नाही. लिनक्सवर युनिकोड ही मूळचीच गोष्ट आहे. लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीत सेटिंग्जमधल्या कीबोर्डमध्ये जाऊन लेआउटच्या पानावर ‘सिस्टिम डीफॉल्ट वापरा’ ही खूण काढा, भारतीय मांडण्यांतून मराठी इनस्क्रिप्ट जोडा आणि इंग्रजी-मराठी बदलायला ऑल्ट-शिफ्टची जोडी ठरवून टाका. इनस्क्रिप्ट १९९१ साली भारतीय मानक ब्युरोच्या मानकात आली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. नवशिक्याला ‘दुसऱ्या’मधला ऱ्य हमखास अडवतो: शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ. ळ म्हणजे शिफ्टसह एन. एवढं कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवलं की निम्मी चिडचिड संपते. फोनवर उच्चाराप्रमाणे टाइप करायची सवय लागलेल्यांना हे नको वाटेल. त्यांच्यासाठी त्याच यादीत उच्चारानुसारी मांडणीही आहे. एक गोष्ट मात्र विसरू नये: लिबरऑफिसच्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी मराठी निवडा आणि ‘बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)’च्या पानावरचा फॉन्ट नोटो, लोहित किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्टशाळेचा ‘मुक्त’ असा काहीतरी ठेवा. नाहीतर इंग्रजीचा आकार बदलतो आणि मराठी मजकूर तसाच राहतो.

भाराबद्दल एक गैरसमज आहे, की लिनक्स टाकलं की जुनं यंत्र आपोआप पळतं. मिंटची किमान मागणी २ जीबी रॅमची आहे, सुखाने चालायला ४ जीबी लागते. पण ब्राउझरचे दहा टॅब उघडले की ती चार जीबी कुठल्याही प्रणालीवर संपते. मिंटच्या सिनॅमन आवृत्तीपेक्षा एक्सएफसीई हलकं, हे खरं. विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटर बंद केला की सावल्या आणि पारदर्शकता जाते आणि कमकुवत ग्राफिक्सच्या यंत्राला थोडा श्वास मिळतो. सुरुवातीला आपोआप चालू होणारे नको ते प्रोग्राम काढावेत. तरीही सगळ्यात मोठा फरक जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याने पडतो. हा खर्च टाळून नुसत्या सेटिंग्ज खरवडत बसण्यात अर्थ नाही.

आता वीज. लिबरऑफिस सावरण्यापुरती प्रत मुळात दर दहा मिनिटांनी ठेवतं. लोड-सेव्हच्या पानावर तो आकडा दोनवर आणावा. मिंटमधलं टाइमशिफ्ट हे साधन प्रणालीची छायाप्रत ठेवतं, म्हणजे एखादा अपडेट बिघडला तर कालच्या स्थितीला परत जाता येतं. मात्र ते तुमच्या फायली मुळात धरत नाही. हिशेबाची फाइल उडाली तर टाइमशिफ्ट कामाचं नाही. त्यासाठी वेगळ्या पेनड्राइव्हवर प्रत हवीच.

लिनक्स टाकण्यावर वजनदार आक्षेप दोन. पहिला असा, की टॅली, कोरलड्रॉ, श्रीलिपी आणि डिजिटल सहीचं टोकन हे सगळं मुख्यतः विंडोजवरचं. बरोबर आहे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनसारख्या आडवाटेने यातलं काही चालतं, पण ज्यावर धंदा आहे ते आडवाटेवर ठेवू नये. फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं यंत्र आणि हिशेबनीसाचं टॅलीचं यंत्र विंडोज ११वर जाऊ द्यावं. टायपिंग, ब्राउझर, पीडीएफ आणि मुलांचा अभ्यास एवढंच करणारी यंत्रं लिनक्सवर आणावीत. दुसरा आक्षेप: बिघडलं तर गावात दुरुस्त कोण करणार? एमएस-सीआयटी शिकलेल्या पिढीचा हात विंडोजवर बसलेला आहे. पण केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं मुक्त प्रणालीच चालते, आणि ती चालवणारे शिक्षक प्रशिक्षण घेऊन तयार झाले आहेत, जन्मजात तंत्रज्ञ नव्हेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे मराठी पाठ फुकट मिळतात. सजावट शेवटी ठेवण्याचं खरं कारणही इथेच आहे: यंत्र जितकं मूळ रूपाजवळ, तितकं दुसऱ्या माणसाला ते चटकन कळतं. केलेला प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहिलेला असला की दुरुस्तीला येणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही.

अडचण येते ती बहुधा प्रिंटरची. एचपीचे बरेचसे प्रिंटर एचपीलिप या ड्रायव्हरमुळे जोडताक्षणी चालतात; कार्यालयांत जागोजागी दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर त्रास देतो. म्हणून मिंट पेनड्राइव्हवर घेऊन, डिस्कला हात न लावता, थेट चालू करावं आणि एक पान छापून, स्कॅनर आणि वायफाय तपासून पाहावं. इन्स्टॉल त्यानंतर. जूनमध्ये शाळाप्रवेशाच्या दाखल्यांची गर्दी असते आणि लगोलग पालखी येते. त्या दिवसांत कामाच्या यंत्राला हात लावू नये. दिवाळीच्या सुटीत शाळेची संगणक-खोली रिकामी असते. एका यंत्रापासून सुरुवात करून सुटी संपेपर्यंत बाकीच्यांचं काय करायचं, ते ठरवता येईल.