शहराचा सामाईक निधी चालतो कसा?

सेंट लुइस शहराचे माजी महापौर ब्रायन मलान्फी 1851 मध्ये वारले. पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या आणि वाटेत सेंट लुइसला टेकलेल्या गरीब प्रवाशांसाठी त्यांनी आपल्या मालमत्तेचा एक तृतीयांश हिस्सा लिहून ठेवला होता. त्या काळी ते अगदी योग्यच होतं. पुढे रेल्वे आली, गाड्यांचे तांडे थांबले, पैसा मात्र त्या अटीला बांधलेलाच राहिला.

अशा मृत्युपत्रांनी क्लीव्हलंड ट्रस्ट या बँकेचे अध्यक्ष फ्रेडरिक गॉफ अस्वस्थ होते. गॉफ मूळचे वकील. मेलेल्या माणसाची अट जिवंत शहराला किती नडते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पुढाकाराने बँकेच्या संचालकांनी 2 जानेवारी 1914 रोजी ठराव केला आणि क्लीव्हलंड फाउंडेशन सुरू झालं. कम्युनिटी फाउंडेशन, म्हणजे अनेकांच्या देणग्या एकत्र ठेवून त्यांच्या उत्पन्नातून एकाच गावातल्या किंवा शहरातल्या संस्थांना मदत करणारा निधी, या प्रकारातलं हे पहिलं.

आधी एक गैरसमज दूर करू. ही वर्गणी नव्हे. गणेशोत्सवाची वर्गणी यंदा गोळा होते आणि यंदाच खर्चून संपते. एकत्रित वार्षिक निधी गोळा करण्याची पद्धतही क्लीव्हलंडमध्ये 1913 मध्येच सुरू झाली होती, त्यामुळे दोन्हींची गल्लत आजही होते. फाउंडेशनमध्ये मूळ रक्कम मोडत नाहीत, तिच्या उत्पन्नातूनच वाटप होतं. या न मोडायच्या रकमेला आपल्याकडे कॉर्पस किंवा कायम निधी म्हणतात.

पहिली पायरी देणगीची. आपण हयातीत पैसे देऊ शकता किंवा मृत्युपत्रात तरतूद करू शकता. मोठ्या रकमा बहुधा मृत्युपत्रातून येतात, आणि सुरुवातीची अडचण इथेच असते. देणगीदार धडधाकट असतो, कागदावर आकडे भरघोस दिसतात, पण तिजोरीत काही नसतं. क्लीव्हलंडचंही तसंच झालं. वाटायला पैसा नव्हता, तेव्हा गॉफनी शहराची पाहणी हाती घेतली. लिओनार्ड एअर्स यांच्या नेतृत्वाखाली 1915-16 मध्ये शाळांचा अभ्यास झाला. त्याचे 25 खंड निघाले. रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी केलेली फौजदारी न्यायव्यवस्थेची पाहणी 1922 मध्ये प्रसिद्ध झाली. माझ्या मते गॉफ यांचं खरं शहाणपण इथे दिसतं: पैसा येण्याआधी तो कुठे लागणार आहे, हे त्यांनी शोधून ठेवलं.

दुसरी पायरी गुंतवणुकीची. समजा, निधी एक कोटीचा आहे आणि वर्षाला सात लाख मिळतात. सातही लाख वाटले, तर महागाईमुळे वीस वर्षांनी त्या एक कोटीची किंमत बरीच घटलेली असेल. म्हणून साधारण चार-साडेचार लाख वाटायचे, कार्यालयाचा खर्च भागवायचा आणि उरलेले पुन्हा मूळ रकमेत घालायचे. चांगलं वर्ष आलं की सगळंच वाटून टाकावंसं वाटतं. विश्वस्तांनी तेव्हाच हात आखडता घ्यायचा असतो.

तिसरी पायरी वाटपाची. गॉफनी पैसा सांभाळणारे आणि पैसा वाटणारे वेगळे ठेवले. पैसा बँकेकडे, वाटपाचा निर्णय पाच नागरिकांच्या समितीकडे. त्यातले सगळे बँकेचे नव्हेत. काहींची नेमणूक महापौर आणि न्यायाधीश करत. स्थानिक संस्था अर्ज करतात, समिती हिशेब तपासते, कामाच्या ठिकाणी जाऊन बघते आणि मग रक्कम ठरवते. छोट्या संस्था इथे हमखास अडखळतात. काम उत्तम असतं, पण मागच्या वर्षाचा ताळेबंद जोडलेला नसतो, किंवा हा खर्च पुढच्या वर्षी कोण करणार, याला उत्तर नसतं.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची. देणगीदाराने सांगितलेलं काम कालबाह्य किंवा अशक्य झालं, तर त्याच्या मूळ इच्छेला जवळचं दुसरं काम ठरवण्याचा अधिकार फाउंडेशनला असतो. पैसे देतानाच आपण हे मान्य केलेलं असतं. मलान्फींच्या निधीला अशी सोय असती, तर ओस पडलेल्या वाटेवर प्रवासी शोधावे लागले नसते.

पण या अधिकारालाही मर्यादा असते. कॅलिफोर्नियातल्या बेरिल बक 1975 मध्ये वारल्या. सॅन फ्रान्सिस्को फाउंडेशनकडे त्यांनी तेलकंपनीचे शेअर सोपवले. किंमत तेव्हा सुमारे एक कोटी डॉलर, अट एकच: पैसा मरिन काउंटीतच खर्च व्हावा. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आणि मरिन तर अमेरिकेतल्या श्रीमंत काउंट्यांपैकी. 1979 मध्ये शेल कंपनीने ती तेलकंपनी विकत घेतली आणि निधी पंचवीस कोटी डॉलरच्या वर गेला.

एवढा पैसा श्रीमंत मरिनमध्येच का खर्च करायचा, आसपासच्या गरीब वस्त्यांना का नाही? हा प्रश्न घेऊन फाउंडेशन 1984 मध्ये न्यायालयात गेलं. मरिनकर अर्थातच खवळले. 1986 मध्ये न्यायालयाने नकार दिला. पैसा दुसरीकडे जास्त उपयोगी पडेल, एवढ्या कारणावर अट मोडत नाही. अट पाळणं अशक्य किंवा अव्यवहार्य झालं पाहिजे. फाउंडेशनने माघार घेतली आणि तो निधी सांभाळायला मरिनसाठी वेगळं कम्युनिटी फाउंडेशन उभं राहिलं. मला फाउंडेशनचा प्रश्न रास्त वाटतो आणि न्यायालयाचं उत्तरही. मृत्युपत्र लिहिताना एखादी सैल ओळ असती, तर वकिलांवरचा बराच खर्च वाचला असता.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे परकं वाटू नये. मुंबईत बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच धर्तीवर उभा राहिला. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातही, ट्रस्टचा मूळ हेतू निष्फळ ठरल्यास पैसा जवळच्या हेतूकडे वळवण्याची वाट आहे. ती लांबची वाट, अर्ज आणि सुनावण्यांची.

म्हणून आपल्याला आईच्या नावाने शाळेला काही ठेवायचं असेल, तर फक्त 'अमुक शाळेच्या पाचवीतल्या मुलींच्या गणवेशासाठी' असं लिहू नका. त्यापुढे लिहा: 'ते शक्य नसल्यास त्या शाळेतल्या मुलींच्या शिक्षणासाठी, तेही शक्य नसल्यास तालुक्यातल्या मुलींच्या शिक्षणासाठी.' शाळा बंद पडली, तर विश्वस्तांना यातल्या तिसऱ्या पर्यायाचा आधार लागेल. कागदावर सही करण्याआधी वकिलाला आणखी एक विचारा: दरवर्षी किती टक्के वाटायचं आणि कार्यालयावर किती खर्चायचं, हे त्यात लिहिलंय का?